शत्रूची रसद तोडताना

मी बार्शीहून दोह्याला गेलो तो टायपिंगच्या सर्टिफिकेटच्या जोरावर. मिनिटाला पन्नास शब्द आणि पानाला चूक शून्य. आमच्या क्लासचे सर प्रत्येक चुकीमागे हातावर पट्टी मारायचे, त्यामुळे माझी बोटं चुकायचंच विसरून गेली होती. मुंबईच्या एका एजंटानं ते सर्टिफिकेट उलटंसुलटं करून पाहिलं आणि सत्तर सालच्या उन्हाळ्यात मी सूक वाकिफ बाजाराच्या मागच्या गल्लीत, पैसे पाठवायच्या एका दुकानात खुर्चीवर जाऊन बसलो.

दुकान एका खोलीचं. गवंडी, सुतार, ड्रायव्हर असे लोक पगार झाला की यायचे, रियाल द्यायचे आणि घरचा पत्ता सांगायचे. हिंदुस्थानातल्या माणसाचा ड्राफ्ट मी मुंबईच्या बँकेवर टाइप करायचा, पाकिस्तानातल्या माणसाचा कराचीच्या बँकेवर. पुढचं काम शेजारच्या टेबलावर. तिथं लायलपूरचा एक पंजाबी गृहस्थ बसायचा. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, गोरापान, जाड भिंगांचा चष्मा. मी त्याला 'भाईजान' म्हणायचो, तो मला 'मरहट्टे' म्हणायचा. माझे ड्राफ्ट तो पाकिटात घालायचा, तिकिटं चिकटवायचा आणि रोज चार वाजता पिशवी घेऊन पोस्टात जायचा. दुपारी आम्ही डबे एकत्र उघडायचो. माझा ठेचा खाऊन त्याच्या चष्म्यावर वाफ यायची, पण खाणं सोडायचा नाही.

दुकानाचा मालक म्हातारा कतारी. मालकाला तिकडं 'अरबाब' म्हणतात, आम्हीही म्हणायचो. त्याच्या वडिलांचा मोत्यांचा धंदा होता, त्यामुळे त्याची तरुणपणाची सहा-सात वर्षं मुंबईत गेली होती. हिंदी तो तिथंच शिकला. त्यात स्त्रीलिंग नव्हतं. 'मेरा बीवी आता है, मेरा बकरी जाता है' असं सगळं एकाच लिंगात चालायचं. दिवसभर दारातल्या बाकावर बसून तो कॉफी प्यायचा आणि गिऱ्हाइकांना मुंबईच्या ट्रामविषयी विचारायचा.

एकाहत्तरच्या डिसेंबरात युद्ध सुरू झालं.

आमची मेस विमानतळाच्या रस्त्यावर होती. दोन खोल्या, सहा माणसं, सगळे मराठी, सगळे बायकापोरं मागं ठेवून आलेले किंवा अजून लग्नच न झालेले. मेसचे प्रमुख होते एक स्टोअरकीपर, कराडकडचे. एका बांधकाम कंपनीत खिळे, नट आणि बोल्ट सांभाळायचे. मिशा अशा की खिळेसुद्धा वचकून राहावेत. तरुणपणी ते फौजेत भरती व्हायला गेले होते, पण तळपाय सपाट निघाले म्हणून परत पाठवलं. तो अपमान त्यांनी वीस वर्षं जपून ठेवला होता. रेडिओवर बातमी आली तसे ते उठले, सिमेंटच्या पोत्यांचे कागद आणले आणि खिडक्यांवर चिकटवायला लागले.

"ब्लॅकआउट," ते म्हणाले.

आमच्यातला मालवणी वेल्डर तांदूळ निवडत बसला होता. त्यानं मान वर केली. "मेल्या, हयसर कोण बॉम्ब टाकतलो? हय त्यांचीच हजारभर माणसां रवतत!"

"शिस्त म्हंजी शिस्त," स्टोअरकीपर म्हणाले.

परिणाम असा झाला की सगळ्या रस्त्यावर दिवे झगमगत होते आणि आमचं एक घर काळंठिक्कर. तिसऱ्या दिवशी दिवेलागणीलाच पोलीस दारात. अंधार करून आत दारू गाळतात असा त्यांचा संशय. स्टोअरकीपरनी छाती पुढं काढून इंग्रजीत सांगितलं, "एनिमी एरोप्लेन!"

पोलिसानं आकाशाकडं पाहिलं. मग विचारलं, "किसका एनिमी?"

"अवर एनिमी!"

पोलिसानं स्वयंपाकघरात जाऊन एकेका पातेल्यात नाक घातलं. एकात आमटी होती, दुसऱ्यात भात. तिसरं त्यानं बराच वेळ हुंगलं. त्यात इडलीचं पीठ आंबत ठेवलेलं होतं. ते दारू नाही हे पटवायला वेल्डरला तिथल्या तिथं चार इडल्या करून दाखवाव्या लागल्या. पोलिसानं त्या खाल्ल्या आणि म्हणाला, "यल्ला, चलो, बत्ती जलाओ."

कागद निघाले. स्टोअरकीपर चिडून बसले. युद्ध चालू आहे आणि आपल्याला करायला काहीच नाही, हे त्यांना सोसवेना. जेवताना त्यांची नजर माझ्यावर स्थिरावली.

"तू काय करतुस रं दिवसभर?"

"ड्राफ्ट टाइप करतो."

"कुणाचे?"

"सगळ्यांचे."

"सगळ्यांचे म्हंजी त्यांचेबी?"

"हो. त्यांचे कराचीला जातात."

स्टोअरकीपरनी हातातला घास खाली ठेवला. "आरं लेका! म्हंजी शत्रूचं परकीय चलन रोज तुझ्या बोटांखालनं जातंय! लढाई कशावर चालती? पैशावर. रसद तोडली की फौज बसली. आन् तू ते ड्राफ्ट बिनचूक टाइप करतुयास?"

माझ्या बिनचूक टायपिंगला देशद्रोह म्हणणारा हा पहिलाच माणूस. मी तेवीस वर्षांचा होतो. रेडिओ ऐकून माझंही रक्त उसळलेलं होतं. शिवाय मेसमध्ये सगळ्यात लहान मीच, त्यामुळे कुणी काही सांगितलं की 'हो' म्हणायची सवय लागली होती. मी 'हो' म्हणालो.

योजना साधी होती. ड्राफ्टमध्ये एक बारीक चूक करायची, म्हणजे कराचीची बँक पैसे देणार नाही, ड्राफ्ट परत येईल, आणि तोवर लढाई संपलेली असेल. "मोठी चूक करू नगंस," स्टोअरकीपर म्हणाले. "मोठी लगेच धरत्यात. चूक कशी पायजे, तर बुटातल्या खिळ्यावाणी. दिसू नये, पण चालू देऊ नये."

पण चूक यायला तर हवी! पहिल्या दिवशी मी तीन ड्राफ्ट टाइप केले, चुकवायचे म्हणून, आणि तिन्ही बिनचूक उतरले. मन सांगायचं 'चूक', आणि बोटांना आठवायची सरांची पट्टी. संध्याकाळी स्टोअरकीपरनी माझा सराव घेतला. जेवणाच्या ताटाच्या मागच्या बाजूवर खडूनं कीबोर्ड काढला आणि मला त्यावर चुका करायला लावल्या. ते शब्द सांगत, मी बोटं आपटत. शेवटी त्यांनी चुकांची यादीच करून दिली, स्टोअरमधल्या मालाची करतात तशी. 'ओन्ली'च्या जागी 'ऑइली', म्हणजे रुपये दोनशे फक्त याऐवजी रुपये दोनशे तेलकट. 'डॉटर ऑफ'च्या जागी 'डॉक्टर ऑफ'. 'वाइफ ऑफ'च्या जागी 'लाइफ ऑफ'. इंग्रजी त्यांचं बेताचं होतं, पण या कामात त्यांना भलतीच गती होती.

दुसऱ्या दिवसापासून मी रसद तोडायला लागलो. दोनशे तेलकट. दीडशे तेलकट. पेशावरच्या एका गवंड्याच्या मुलीला डॉक्टर केलं. पहिल्या चुकीला माझे कान तापले, पाचव्या चुकीला मजा वाटायला लागली.

फक्त दुपारी डबा उघडताना भाईजानच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. त्याचंही काहीतरी बिनसलं होतं. एरवी युद्धाआधी आम्ही राजकारण सोडून कशावरही बोलायचो. आता तो नुसता हवापाण्यावर बोलत होता. आणि एकदम फार चांगला वागायला लागला होता. गाजराचा हलवा आणला तर अर्ध्याहून जास्त माझ्या झाकणात. "खा, मरहट्टे, खा," एवढंच म्हणायचा आणि दुसरीकडं बघायचा. मला वाटलं, काय मोठ्या मनाचा माणूस आहे! आपण याच्या देशाची रसद तोडतोय आणि हा आपल्याला हलवा चारतोय. त्या हलव्याचा एकेक घास घशाखाली ढकलावा लागायचा. ढकलला मात्र सगळा.

असे दहा-अकरा दिवस गेले.

मग एका सकाळी पोस्टातला शिपाई हातगाडी ढकलत आमच्या दारात आला. गाडीवर दोन पोती. दोन्ही त्यानं अरबाबच्या पायाशी टाकली, कागदावर सही घेतली आणि गेला. अरबाबनं कॉफीचा कप खाली ठेवला, एक पोतं जमिनीवर ओतलं, मग दुसरं. सगळी पाकिटं आमच्या दुकानातून गेलेली.

पहिल्या पोत्यात कराचीची पाकिटं होती. पोस्टाची चिठ्ठी सोबत : युद्धामुळे पहिल्या दिवसापासून कराचीचं टपाल बंद, परत करीत आहोत. म्हणजे मी दहा दिवस घाम गाळून जी रसद तोडत होतो, ती दोह्याच्या पोस्टातून हललीच नव्हती! माझा एकही खिळा शत्रूच्या बुटापर्यंत पोचला नव्हता.

दुसऱ्या पोत्यात मुंबईची पाकिटं होती. तीही परत. चिठ्ठीत लिहिलेलं : पाकिटं विमानाची, तिकिटं बोटीची. पैसे कमी पडतात.

मी भाईजानकडं पाहिलं. भाईजान छताकडं पाहत होता.

बोटीच्या टपालाला महिना-दीड महिना लागायचा. गेले दहा दिवस हा माणूस हिंदुस्थानच्या प्रत्येक पाकिटावर बोटीचं तिकीट लावत होता. फक्त एक विसरला : पाकिटांना निळी-लाल किनार होती, विमानाची.

"तुम?" मी म्हणालो.

तेवढ्यात अरबाबनं कराचीचं एक पाकीट फोडलं आणि ड्राफ्ट डोळ्यांजवळ धरून एकेक अक्षर लावत वाचला. "टू हंड्रेड... ऑइली?" मग दुसरं. "ऑइली." तिसरं. "यह भी ऑइली."

आता भाईजान माझ्याकडं बघायला लागला. "तू?" तो म्हणाला.

अरबाबनं दार लावून घेतलं आणि आम्हाला जमिनीवर बसवलं, दोन पोत्यांच्या मध्ये.

"यह बोरी इंडिया का," तो म्हणाला. "यह बोरी पाकिस्तान का. दोनों बोरी मेरा दुकान में. तो जंग कौन जीता?"

आम्ही एकमेकांच्या पोत्याकडं पाहिलं.

"कोई नहीं जीता. हारा कौन? मैं हारा! मेरा मुल्क तीन महीना पहले नया बना. अभी झंडा का रंग भी सूखा नहीं. कतार ने किसी से जंग किया? नहीं किया. तो मेरा दुकान में तुम जंग किससे पूछ के लाया?"

कुणी करायला लावलं, असं त्यानं विचारलं. मी स्टोअरकीपरचं सांगितलं. भाईजाननं सांगितलं, त्यांच्या मेसमध्ये एक फोरमन आहे, सकाळ-संध्याकाळ तो त्याचं रक्त तापवत होता.

"खिडक्यांना कागद लावले होते?" मी हळूच विचारलं.

"हाँ," भाईजान म्हणाला. "पोलीस आले होते. आमच्याकडं लस्सीचं दही हुंगून गेले."

सबंध दोह्यात अंधारी घरं दोनच, एक आमचं आणि एक त्यांचं. मला हसू आवरेना. भाईजाननं चष्मा काढून पुसायला घेतला, आणि त्याचे खांदे हलायला लागले. अरबाब ओरडला, "हँसता है?" आणि आम्ही पुन्हा माना खाली घातल्या.

एवढ्यावर भागलं असतं. पण दारावर थापा पडायला लागल्या. बाहेर सूकमधला एक शिंपी उभा होता, साठीकडं झुकलेला, गळ्यात टेप, हातात तार. तार हैदराबादहून आलेली : पैसे मिळाले नाहीत, लग्न शुक्रवारी.

मी कराचीच्या ढिगात हात घातला आणि त्याचं पाकीट मला सापडलं. त्याचा फॉर्म कुणी दुसराच घेऊन आला होता. मी मुसलमानी नाव पाहिलं, हैदराबाद वाचलं, आणि सिंधमधलं हैदराबाद समजून ड्राफ्ट कराचीच्या बँकेवर काढला. वर त्यात चूकही केली. ज्या मुलीचं लग्न होतं तिला मी 'डॉक्टर ऑफ' करून टाकलं होतं. शत्रूची रसद तोडायला निघालो आणि आपल्याच एका मुलीच्या लग्नाचे पैसे शत्रूच्या बँकेवर पाठवले!

शिंप्यानं सगळं ऐकून घेतलं. मग अगदी सावकाश विचारलं, "क्या मियाँ, नाम देख के इच मुल्क बदल दिए हमारा? हमारा हैदराबाद दक्कन का है. पासपोर्ट तुम्हारे जैसा इच है. तुम किधर के?"

"बार्शी का," मी म्हणालो.

"बार्शी! सोलापूर के बाजू की?" त्याचा आवाज चढला. "अरे हमारी सगी खाला सोलापूर में रहती! तुम तो पड़ोसी निकले! पड़ोसी हो के ऐसा कायकू करे?"

त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या 'पड़ोसी'नं मला पार मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्याचे पाय धरायला वाकलो तर तो मागं सरला. "नक्को नक्को, पाँव नक्को. पैसे भेजो."

अरबाबनं त्याच तासाला तारेनं पैसे पाठवायची व्यवस्था केली. खर्च माझ्या पगारातून. शिवाय नवऱ्या मुलाच्या बापाला दुकानाच्या कागदावर इंग्रजीत पत्र टाइप करून द्यायची शिक्षा शिंप्यानंच मला ठोठावली. मी लिहिलं की युद्धजन्य परिस्थितीमुळे रक्कम पोचण्यास विलंब झाला, क्षमस्व. तसं पाहिलं तर त्यात खोटं काहीच नव्हतं.

मग आम्ही दोघं बसलो आणि दोन्ही पोती निस्तरली. मी तेलकट ड्राफ्ट पुन्हा टाइप केले, भाईजाननं मुंबईच्या पाकिटांवर विमानाची तिकिटं चढवली. दुपारपर्यंत सगळं झालं, एक सोडून. मी काढलेला एक ड्राफ्ट पोत्यात नव्हताच. तो भाईजाननं गिऱ्हाइकाच्या हातातच दिला होता. गिऱ्हाईक म्हणजे अल रुवैसच्या बंदरावर गलबतं दुरुस्त करणारा एक म्हातारा बलुची सुतार. टपालावर त्याचा विश्वास नव्हता. मकरानच्या बलुची किनाऱ्याकडं जाणाऱ्या गलबतावर त्याचा भाचा होता, त्याच्याबरोबर तो पैसे पाठवणार होता.

"कब जाता है गलबत?" अरबाबनं विचारलं.

भाईजाननं बोटं मोजली. "आज."

अरबाब उठला, कमरेला किल्ल्या खोचल्या आणि म्हणाला, "यल्ला."

त्याची जुनी पिकअप होती. पुढं तो एकटा बसला, कारण पुढच्या सीटवर त्यानं शेळीसाठी घेतलेला चारा होता. आम्ही दोघं मागं उघड्यावर, नवा बिनचूक ड्राफ्ट माझ्या खिशात. रस्ता अर्धा डांबरी आणि अर्धा नशिबाचा. अरबाब एका हातानं गाडी चालवायचा आणि दुसऱ्या हातानं रेडिओची खुंटी फिरवायचा. डिसेंबरचा वारा कानात शिरत होता. भाईजाननं आपली शाल काढली, एक टोक मला दिलं आणि एक स्वतःभोवती घेतलं. खड्डा आला की आम्ही दोघं एकदम उडायचो आणि एकदम आपटायचो.

"हलवा खास माझ्यासाठी आणत होतास ना?" मी विचारलं.

"और क्या करता?" तो म्हणाला. "दिवसभर तुझ्या लोकांची पाकिटं बोटीवर चढवायचो. खायला तरी घालावं म्हटलं."

अल रुवैसला पोचलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. गलबत अजून धक्क्याला होतं, शीड मात्र बांधून तयार. म्हातारा सुतार वाळूवर उकिडवा बसून एका होडीच्या भेगा बुजवत होता. आम्ही तिघं धावत आलेले पाहून तो उभाच राहिला. ड्राफ्ट परत मागितला तसा त्यानं छातीवरचा खिसा दोन्ही हातांनी गच्च धरला.

"पैसे दिले, कागद घेतला. आता परत नाही," तो त्याच्या मोडक्यातोडक्या उर्दूत म्हणाला.

"चाचा, उसमें ग़लती है," भाईजान म्हणाला.

"कैसी ग़लती?"

भाईजाननं मला कोपरानं ढोसलं. मी पुढं झालो आणि सगळं सांगून टाकलं. की मी हिंदुस्थानचा आहे, जंग चालू आहे म्हणून मुद्दाम चूक केली. की पैसे तुमच्या बायकोच्या नावचे होते, आणि 'वाइफ ऑफ', म्हणजे अमक्याची बायको, असं लिहायचं ते मी 'लाइफ ऑफ' लिहिलं.

"लाइफ बोले तो?"

"ज़िंदगी," भाईजान म्हणाला. "इसने लिखा है, पैसा तेरी ज़िंदगी को दे दो."

म्हाताऱ्यानं खिशातून ड्राफ्ट काढला, उलगडला. त्याला वाचता येत नव्हतं. "किधर लिखा है?" मी त्या शब्दावर बोट ठेवलं. तो बराच वेळ त्या बोटाखाली बघत राहिला. मग त्यानं भाच्याला हाक मारली, त्यालाही तो शब्द दाखवला आणि बलुचीत काहीतरी सांगितलं. भाचा हसत सुटला. म्हाताऱ्याच्या दाढीतही हसू पसरलं.

"चौंतीस साल हुआ शादी को," तो म्हणाला. "यह ग़लती नहीं है. यह नहीं देगा."

"पण बँक पैसे देणार नाही!" मी जवळजवळ रडकुंडीला आलो.

"नहीं दे."

अर्धा तास घासाघीस चालली. सर्टिफिकेटवाला टायपिस्ट विनवण्या करतोय की चूक परत द्या, आणि गिऱ्हाईक म्हणतंय की चूक माझी आहे. शेवटी अरबाबनं तोड काढली. जुन्या ड्राफ्टवर त्यानं पेनानं दोन आडव्या रेघा मारल्या, म्हणजे पैशांपुरता तो मेला, आणि म्हाताऱ्याला परत दिला. वर नवाही दिला. दोन्ही कागद भाच्याच्या कमरेच्या पट्ट्यात गेले, आणि गलबत सुटलं. म्हाताऱ्यानं आम्हाला तसं जाऊ दिलं नाही. फडक्यात बांधून दोन मोठे हमूर मासे दिले. मी माळकरी घरातला. ते मासे मांडीवर घेऊन बसताना काय वाटलं ते माझं मला माहीत.

परतताना अंधार पडत आला होता. वाटेत एकदम गाडी थांबली. अरबाबनं मागची काच सरकवली आणि डोकं आत-बाहेर करत म्हणाला, "खलास. जंग खलास." मग आवाज खाली आणून, भाईजानकडं न बघता पुढचं सांगितलं : ढाक्याला पाकिस्तानी फौजेनं हत्यारं खाली ठेवली.

हा क्षण आला की काय करायचं ते मी दहा दिवस मनात घोळवलं होतं. उड्या मारणार होतो, पेढे वाटणार होतो. आता मांडीवर मासे होते आणि शालीच्या दुसऱ्या टोकात भाईजान होता. गाडी पुन्हा सुरू झाली. तो मागं पळणाऱ्या रस्त्याकडं बघत राहिला.

मग तो म्हणाला, "धाकटा भाऊ ढाक्याला आहे. फौजेत."

"लढाईवर?"

"बँड में. ढोल बजाता है."

"ढोलवाल्याला कोण काय करणार आहे?" मी म्हणालो. ते काही फार शहाणपणाचं वाक्य नव्हतं. पण त्यानं मान हलवली. भाऊ दोन वर्षांहून जास्त कैदेत राहून धडधाकट घरी आला, तेव्हा भाईजाननं मला पत्र वाचून दाखवलं. आग्र्याच्या छावणीत त्यानं एका मराठी शिपायाला ढोल शिकवला होता म्हणे. ते खरं की माझ्यासाठी घातलेलं, हे मी विचारलं नाही.

शुक्रवारचं लग्न पुढच्या शुक्रवारी झालं. शिंप्यानं मला बोलावून लाडू खायला घातले आणि माझ्या पँटचं माप घेतलं. पँट मात्र सहा महिने शिवली नाही. विचारलं की म्हणायचा, "युद्धजन्य परिस्थिती, मियाँ."

राहता राहिले आमचे स्टोअरकीपर. त्यांना कराडहून बायकोची तार आली : पैसे नाहीत, माहेरी जाते. ते तार नाचवत दुकानात आले. "कुणी केलं? माझी रसद कुणी तोडली?"

मी जीव मुठीत धरून बसलो. भाईजान उठला, खुर्ची पुसून पुढं केली, चहा मागवला आणि अदबीनं म्हणाला, "जनाब, मैंने."

स्टोअरकीपरनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "कशी?"

भाईजाननं सांगितलं. बोटीचं तिकीट, विमानाचं पाकीट, सगळं. ऐकता ऐकता स्टोअरकीपरांचा चेहरा बदलत गेला. चहा निवून गेला तरी त्यांनी उचलला नाही. शेवटी ते माझ्याकडं वळले आणि अतिशय दुःखानं म्हणाले, "बघ! ह्याला म्हणत्यात डोकं. दोन तिकिटांत काम केलं गड्यानं. आन् तू? तेलकट!"

त्यानंतर ते अधूनमधून दुकानात यायचे, ते माझ्याकडं नाही, भाईजानकडं. दोघं तास तास बोलायचे. एकदा तर तो फोरमनही आला. मग तिघांनी मिळून सेनापती कुठं चुकले, दोन्ही बाजूंचे, ते ठरवलं.

मी त्या दुकानात अजून सोळा वर्षं होतो. अठ्ठ्याहत्तरला बऱ्याच वर्षांनी हिंदुस्थान-पाकिस्तान क्रिकेट सुरू झालं. पहिली मॅच भाईजानच्याच गावात. पाच दिवस आम्ही दोघं टेबलाखाली ट्रान्झिस्टर ठेवून कान लावून बसलेले. अरबाब आता फार थकला होता, पण आमची कुजबूज त्याच्या कानातून सुटली नाही. पाचव्या दिवशी तो काठी टेकत आला आणि समोर उभा राहिला.

"फिर जंग?"

"नाही अरबाब, खेळ आहे," भाईजान म्हणाला, आणि त्याला क्रिकेट समजावून सांगितलं, जमेल तेवढं.

"पाँच दिन खेला?"

"हो."

"बीच में खाना खाया? चाय पिया?"

"रोज."

"कौन जीता?"

"कोई नहीं. ड्रॉ."

अरबाब बाकावर बसला. काठी मांडीवर आडवी ठेवून म्हणाला, "यह अच्छा है. यह बोरी-वोरी से बहुत अच्छा है." आणि दुसऱ्या मॅचला त्यानं स्वतःसाठी खुर्ची मागवली.